दोन कुलपांचा हॉर्न

गाडी सोळा वर्षांची होती आणि तिचा हॉर्न तिच्याहून म्हातारा. दाबला की आत कुणीतरी झोपेतून "अं?" म्हणाल्यासारखा आवाज यायचा. सायकलवाले त्या आवाजाला दाद देत नसत, गायी तर मुळीच नाहीत. एकदा एका कुत्र्यानं मात्र मान वळवून पाहिलं होतं. शर्मिष्ठाला त्या कुत्र्याबद्दल अजून आदर आहे.

गाडी नागपूरच्या मामांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा जुनी भाचीला दिली, आणि देताना म्हणाले, "इंजिन एकदम झकास हाय, फक्त हॉर्न जरा नम्र हाय." गेली दोन वर्षं गाडी रायपुरात पार्किंगमध्ये उभी राहून नम्रपणे धूळ खात होती. महिन्यातून एकदा देवळात जायची, तेही रविवारी, रस्ता रिकामा असताना.

पण आता प्रश्न देवळाचा नव्हता, निधीच्या शाळेचा होता. निधी साडेतीन वर्षांची. शाळा समता कॉलोनीत, घर पार तिकडे बीरगांवच्या अलीकडे, आणि मधला रस्ता कारखान्यांच्या ट्रकांचा. निधी व्हॅननं जायची. एका सकाळी शर्मिष्ठा दूध आणायला उतरली असताना व्हॅन समोरून गेली. सात मुलांच्या व्हॅनमध्ये तिनं चौदा डोकी मोजली आणि पंधरावं डोकं निधीचं होतं. ते दरवाज्याजवळच्या फळीवर, काचेला नाक चेपून बसलेलं होतं. चालकाचा एक हात स्टीयरिंगवर, दुसऱ्यात फोन. त्याच दिवशी तिनं व्हॅन बंद केली आणि जाहीर केलं, "येत्या सोमवारपासून मी नेणार. गाडीनं."

तिचा नवरा आशय नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात आहे. स्वभावानं शांत. म्हणजे लग्नातच त्यानं काळजीचं सगळं खातं बायकोच्या नावावर करून दिलं. तो म्हणाला, "बघ, जमेल का? नाहीतर दुसरी व्हॅन लावू. सोमवारी जमलं नाही तर मी सरळ सांगून टाकतो दुसऱ्या व्हॅनवाल्याला." त्यात "जमलं नाही तर" हे तीन शब्द तिला फार लागले. चार वर्षांचं लायसन्स होतं तिच्याकडे, फोटोतसुद्धा ती घाबरलेली नव्हती.

गाडी तिला येत होती. भीती होती ती एकच. या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर मोठ्या रंगीत अक्षरांत 'हॉर्न प्लीज' लिहिलेलं असतं. इतकं अजिजीनं कुणी काही मागावं आणि आपल्याजवळ द्यायला फक्त "अं?" असावा, हे काही खरं नव्हतं.

म्हणून मंगळवारी ती निधीला कडेवर घेऊन बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या गौतमभैयांच्या गाडी-सामानाच्या दुकानात गेली. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आणि विचार बाहेर ठेवावे लागतात. गौतमभैयांनी दोन गोल, गोगलगायीच्या आकाराचे हॉर्न काउंटरवर ठेवले.

"दीदी, ऐसा बजेगा कि आगे वाला रास्ता नहीं, ज़िला छोड़ देगा. पर इसको रिले लगेगा."

"नहीं लगाया तो?"

"तो स्टीयरिंग का बटन जल जाएगा. छोटा बटन, इतना करंट कहाँ झेलेगा?"

जळेल म्हटल्यावर शर्मिष्ठाच्या डोळ्यांपुढे पूर्ण गाडी पेटली, अग्निशमन दल आलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटोही छापून आला. तिचं असंच होतं. तिनं चाचरत विचारलं, रिले म्हणजे नक्की काय? कॉलेजात फिजिक्स होतं तिला, पहिला वर्ग. पण रिले दोन मार्कांचा होता आणि त्या वर्षी आला नव्हता.

"समझो आप बैठे-बैठे आवाज़ दीं, पानी लाओ," गौतमभैया म्हणाले. "आप बाल्टी उठाईं क्या? नहीं ना. आवाज़ छोटी, बाल्टी भारी. आवाज़ मतलब बटन. और जो उठ के बाल्टी लाया, वो रिले."

शर्मिष्ठाच्या घरात बसल्या बसल्या आवाज देणारे निराळे होते आणि बादली आणणारी ती. तेव्हा रिले म्हणजे काय ते तिला फारच चटकन कळलं. तिनं एक रिले घेतला, काळा, चौकोनी, पेढ्याएवढा, खाली पाच पितळी पाय असलेला. निधीनं तो लगेच तोंडाकडे नेला.

आता हा बूढ़ापाऱ्यातच कुणा मिस्त्रीकडून अर्ध्या तासात बसवून घेतला असता तर गोष्ट इथंच संपली असती. मिस्त्री गावाला गेला होता. सासूबाई कुमुदताईही धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याला गेल्या होत्या, नाहीतर पुढचं बरंचसं त्यांनी नुसत्या एका नजरेनं थांबवलं असतं. शर्मिष्ठा घरी आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि सहज म्हणाली, "बाबा, गाडीला रिले बसवावा लागणार आहे म्हणे."

दत्तोपंत खुर्चीतून उठले.

हे मुद्दाम सांगायला हवं. जेवण आणि वर्ध्याचा फोन सोडून तिसऱ्या कारणासाठी ते खुर्चीतून उठल्याला बरेच महिने झाले होते. शर्मिष्ठाचे सासरे दत्तोपंत रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं होते. निवृत्त होऊन सहा. या सहा वर्षांत त्यांना कुणीही, कुठल्याही बाबतीत, काहीही विचारलं नव्हतं, आणि आता त्यांच्या स्वतःच्या सुनेच्या तोंडून रिले हा शब्द निघाला होता.

"कोन म्हनालं रिले? पाहू." त्यांनी तो पेढा तळहातावर घेतला. चष्मा वर केला, खाली केला. "हे? ह्याले रिले म्हनतात? आमचा रिले असा, काचेच्या पेटीत, राजावानी बसे. ह्याले तं कोनी दातात धरून नेईन." मग त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "बाकी जात तेच हाय."

त्या दुपारी पोळ्या लाटता लाटता शर्मिष्ठाचं शिक्षण झालं.

"हे पाह्य, सूनबाई. करंट आला का रिले उठते. करंट गेला का रिले पडते. पडला का मागच्या पायाले टेकते. त्याले म्हनतात बॅक कॉन्टॅक्ट. आता सांग, लाल दिवा कशावर लावाचा?"

"पोळी जळतेय बाबा, एक मिनिट."

"बॅकवर! काहून? तार तुटली, करंट गेला, उंदरानं खाल्लं, कायबी झालं तं रिले पडते आन् लाल दिवा आपोआप लागते. कोनी लावाची गरज नाही. बिघडावं तं धोका सांगून बिघडावं, गुपचूप बिघडू नये. पुऱ्या रेल्वेचं ब्रह्मज्ञान हेच हाय."

"आबा, चूहा कहाँ है?" निधीनं ओट्याखाली वाकून विचारलं. घरात सगळे मराठी बोलतात आणि निधी सगळ्यांना हिंदीत उत्तर देते. पुढचा अर्धा तास उंदीर नसल्याचं सिद्ध करण्यात गेला.

बुधवारी दत्तोपंतांनी कपाटाच्या तळातून एक जुनं पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. रेल्वेत सिग्नलच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला लेखी मेमो द्यावा लागतो: अमुक वस्तू तोडत आहे, गाड्या थांबवा. मास्तरनं सही केली की काम सुरू. काम झालं की दुसरा मेमो: वस्तू जोडली, तपासली. त्यावरही मास्तरची सही. ती झाल्याशिवाय वस्तू चालू नाही.

"गाडी कोन चालवनार? तू. म्हनजे स्टेशन मास्तर तू. कर सही."

"बाबा, आपलीच गाडी आहे ना?"

"आमचीबी रेल्वे आपलीच होती. एकदा एकानं पाच मिन्टाचं काम म्हनून मेमोबिगर हात लावला होता."  त्या माणसाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पुढं काय झालं तेही सांगितलं नाही. "कर सही."

तिनं दोन प्रतींवर सही केली आणि त्या क्षणापासून गाडी अधिकृतरीत्या बंद झाली. आता पार्किंगमध्ये काम करायचं म्हणजे सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी साहूजींनी सांगितलं की पार्किंगमधल्या 'विद्युत कार्या'साठी अर्ज लागेल आणि दोन शेजाऱ्यांचं ना-हरकत लागेल. गेल्या वर्षी कुणीतरी पार्किंगमध्ये इस्त्री केली होती, तेव्हापासूनचा नियम. खालच्या मजल्यावरच्या नीलिमा वहिनींनी ना-हरकत दिलं, पण सोबत आपला मिक्सर पाठवला. "काकांना म्हणा, एवढा पाहून द्या. नुसता गुरगुरून राहिला." दुसऱ्या शेजाऱ्यांनी सही करताना विचारलं की हॉर्नऐवजी घंटा का लावत नाही, त्यांच्या आजोबांच्या टांग्याला घंटा होती आणि कधी अपघात झाला नाही. शर्मिष्ठा सगळ्यांना "हो, बघते" म्हणाली. तिच्या दिवसातली निम्मी वाक्यं हीच असत.

गुरुवार-शुक्रवार दत्तोपंतांनी पेटी बनवण्यात घालवले. त्यांच्या खात्यात रिलेच्या खोलीला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसऱ्याची सिग्नलवाल्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय खोली उघडत नाही, म्हणजे एकट्याच्या डोक्यात आलं म्हणून कुणी काही करू नये. तेव्हा कुमुदताईंच्या शिवणाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला, त्याला दोन कड्या ठोकल्या गेल्या आणि दोन छोटी खटक्याची कुलपं आली. रिले आणि त्याचा फ्यूज त्या डब्यात, डबा बॉनेटच्या आत. एक किल्ली दत्तोपंतांच्या जानव्याला. दुसरी त्यांनी समारंभपूर्वक सुनेच्या हातात दिली.

शर्मिष्ठानं ती बोटभर किल्ली उलटसुलट करून पाहिली. एवढी वस्तू नेमकी निधीच्या घशात जाण्याच्या मापाची. फ्रिजवर ठेवावी तर निधी खुर्ची लावते. देवघरात ठेवावी तर नैवेद्य म्हणून उचलते. ती किल्ली मुठीत धरून शुक्रवारभर घरात जागा शोधत फिरली.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. आशय कार्यालयाच्या कामानं जगदलपूरला गेला होता, नेहमीसारखा वेळेवर. दत्तोपंतांनी जुना खाकी शर्ट घातला होता. ते तार सोलू लागले. शर्मिष्ठा पक्कड देत होती आणि पाहत होती. पाहणं हा तिचा स्वभावच. तिनं रिले बसवण्याचे अकरा व्हिडिओ पाहिले होते आणि अकराही जणांनी एकच गोष्ट बजावली होती: पाच पायांपैकी मधला पाय सोडून द्यायचा.

दत्तोपंतांनी हॉर्नची लाल तार मधल्या पायाला जोडली.

"बाबा, ते मधलं..."

"हौ. बॅक कॉन्टॅक्ट. धोक्याची वस्तू बॅकवर." बोलता बोलता त्यांनी स्क्रू पिळला. चौतीस वर्षं बोटांना लागलेली सवय होती ती, डोक्याला विचारायला थांबली नाही.

शर्मिष्ठानं तोंड मिटलं. सिग्नल खात्यातल्या सासऱ्याला सुनेनं कसं टोकावं हे फिजिक्सच्या कुठल्याच पेपरात नव्हतं, दोन मार्कांनासुद्धा. शिवाय तिला वाटलं, असेल काही रेल्वेचं. मोठी संस्था आहे.

डबा बंद झाला. दोन्ही कुलपं खटकन लागली. मग, नियमाप्रमाणे, दुसरा मेमो. तिनं सही केली. दत्तोपंतांनी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची तार आवळली.

आणि गौतमभैयांचे दोन्ही हॉर्न एकदम बोलू लागले.

कुणी बटण दाबलं नव्हतं. पार्किंगमधली कबुतरं उडाली, तिसऱ्या मजल्यावरून कुणाची तरी कढई पडली. निधीनं दोन्ही कान धरले आणि आनंदानं किंचाळली, पण ते फक्त तिच्या तोंडाच्या आकारावरून कळलं. शर्मिष्ठा गाडीत घुसली आणि काही सुचेना म्हणून स्टीयरिंगवरचं बटण दाबलं. हॉर्न बंद. सोडलं, हॉर्न सुरू. पुन्हा दाबलं. बंद.

तिला चक्क दोन मार्कांचं उत्तर आठवलं. बटण दाबलं की रिले उठतो, मागचा पाय सोडतो. म्हणजे लाल दिव्याच्या शास्त्राप्रमाणे हा हॉर्न आता जन्मभर धोका सांगत राहणार होता, आणि कुणीतरी जन्मभर बटण दाबून त्याची समजूत घालणार होतं. ते कुणीतरी कोण, याबद्दल तिला शंका नव्हती.

साहूजी खाली आले. टॉवेल खांद्यावर, अर्ध्या गालावर साबण.

"मैडम, हॉर्न पे हाथ रख के बैठे हो आप?"

"हाथ रखा है, साहूजी, इसीलिए बंद है."

"मतलब?"

"हटाऊँ?"

"हव, हटाओ ना!"

तिनं हात काढला. साहूजींचा साबण खाली आला. "रख लो! रख लो, मैडम!"

मग बिल्डिंग जमली. प्रत्येक नव्या माणसानं विचारायचं, तिनं सांगायचं, त्यानं विश्वास ठेवायचा नाही, आणि तिनं हात काढून दाखवायचा, असा क्रम लागला. कुणी म्हणालं हॉर्नवर ओली चादर टाका. कुणी म्हणालं चार तासांत बॅटरी आपोआप उतरेल, तोवर बसा, घाई काय आहे. टांगेवाल्या आजोबांचे नातू फक्त म्हणाले, "घंटी." नीलिमा वहिनींनी पोह्याची बशी आणली आणि खिडकीतून चमच्यानं भरवायला सुरुवात केली. लग्नात नाही भरवलं कुणी एवढं. "खा बाई, खा. अंगठा दुखून राहिला असन."

"बाबा, डबा उघडा ना," शर्मिष्ठा पोह्यातून म्हणाली.

दत्तोपंतांनी जानव्याची किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं आणि हात पुढं केला. "तुही किल्ली?"

अंगठ्यातून निघालेली कळ शर्मिष्ठाच्या थेट टाळूपर्यंत गेली. कारण तिला आठवलं. घरभर फिरूनही निधीचा हात पोचणार नाही अशी जागा सापडली नव्हती. शेवटी आज सकाळी सापडली होती. दोन कुलपांच्या आत. तिनं किल्ली डब्यात ठेवली होती.

हे सगळ्यांदेखत सांगावं लागलं.  साहूजींनी टॉवेलनं हळूच तोंड पुसलं.

"मग बॅटरीची तार तरी सोडा, बाबा! पाना आहे ना तुमच्या हातात!"

दत्तोपंत घामानं निथळत होते, तोंड पांढरं झालं होतं, पण पाना त्यांच्या हातात तसाच राहिला. "जोडल्याच्या मेमोवर सही झाली हाय. आता तोडाचं तं नवा मेमो. थांब, आनतो." आणि ते तीन मजले चढून गेले. लिफ्ट बंद होती, ती परवानगीच्या प्रतीक्षेत होती.

दरम्यान निधीनं खिडकीशी येऊन सांगितलं, "मम्मा, सू." नीलिमा वहिनी बशी साहूजींच्या हातात देऊन निधीला घेऊन पळाल्या, आणि साहूजींनी, हातात चमचा आलाच आहे म्हणून, एक घास भरवला. तो तिनं खाल्ला. अपमान एका मर्यादेपलीकडे गेला की भूक लागते.

मेमो आला. उजवा अंगठा बटणावर, डाव्या हातात पेन, कागद स्टीयरिंगवर. बालवाडीतल्या मुलासारखी सही झाली. दत्तोपंतांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली, मग पान्याचे चार फेरे फिरवले, आणि तिनं अंगठा सोडला. शांतता. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक कान चाचपत परत गेले.

त्या दुपारी दत्तोपंतांनी चहा घेतला नाही. खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीची तार गेली नव्हती, आणि आता अख्ख्या बिल्डिंगनं कान धरून पाहिलं होतं. जगदलपूरहून आशयचा फोन आला. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "मग सोमवारचं सांगू ना व्हॅनवाल्याला?" शर्मिष्ठा म्हणाली, "उद्यापर्यंत थांब." तिचा अंगठा अजून वाकत नव्हता.

रविवारी सकाळी तिनं कुलूप करवतीनं कापून आणलेला डबा त्यांच्यापुढे ठेवला. ते डब्याकडे न पाहता म्हणाले, "तुले दिसलं होतं."

"काय, बाबा?"

"मधला पाय. तू तोंड उघडलं होतं. मंग मिटलं काहून?"

तिनं डबा त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला.

"सासरा हाय म्हनून? आमच्याकडं नवा आलेला खलाशीबी, पाना उचलनारा पोऱ्या, म्हने ना, साहेब थांबा, तं साहेब थांबे. मंग चुकीचं निघालं तरी त्याले कोनी हासे नाही. थांबा म्हन्याले हुद्दा लागत नाही, सूनबाई. धोका दिसला का वरडाचं. मंग समोर कोनबी असो."

"बरं," ती म्हणाली. "मग लाल तार कडेच्या पायाला लावा. मधल्या नाही. आणि आता लावा, निधी झोपली आहे तोवर."

दत्तोपंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले. दुसऱ्यांदा.

अर्ध्या तासात काम झालं. तिनं बटण दाबलं आणि एकच, खणखणीत, भरदार आवाज आला, सोडल्यावर थांबला. ट्रक काय, मालगाडीनं वाट दिली असती. गॅलरीतून साहूजी ओरडले, "हव, अब ठीक है!" दत्तोपंतांनी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला. "आता मेमो लिहितो. तुही सही झाली का फ्यूज लावतो, म्हनजे चालू." नियमच तसा, सहीशिवाय करंट नाही.

आणि त्याच क्षणी वरून रडणं ऐकू आलं. निधी उठली होती आणि खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली शाळेच्या नव्या गणवेशावर ओतली गेली होती. "नंतर करते, बाबा!" म्हणत शर्मिष्ठा जिने चढली. त्यानंतर गणवेश, डाग, आंघोळ, आशयचं परत येणं, नीलिमा वहिनींचा मिक्सर. ती सही राहून गेली.

सोमवारी सकाळी सव्वासात. निधी मागच्या सीटवर पट्ट्यांत आवळलेली, डबा, पाण्याची बाटली, जादा कपडे, जादा डबा. आशय म्हणाला, "जमेल ना?" शर्मिष्ठानं आरशातून पाहिलं तर दत्तोपंत जिन्यातून हातातला कागद हलवत येत होते. तिला भरून आलं. म्हातारा माणूस, तीन मजले उतरून टाटा करायला आला. तिनं हात हलवला. निधीनंही दोन्ही हात हलवले. "टाटा, आबा!" दत्तोपंत जोरजोरात कागद हलवत राहिले, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

पहिला किलोमीटर सरळ गेला. पुढं एका गोदामाच्या फाटकासमोर ट्रक उभा होता. ती त्याच्यामागे थांबली. मागे एक टेम्पो येऊन चिकटला, डावीकडे नाली, उजवीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग. आणि ट्रक मागे यायला लागला.

आधी तिला वाटलं भास आहे. मग 'हॉर्न प्लीज' ही अक्षरं मोठी होऊ लागली. तिनं बटण दाबलं. काहीच नाही. "अं?" सुद्धा नाही. पुन्हा दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी, मग मुठीनं. 'प्लीज' आता काचेएवढं झालं होतं, आणि त्याच्या शेजारी रंगवलेलं कमळसुद्धा. तिला एका झटक्यात खिशातला फ्यूज दिसला, हलणारा कागद दिसला, आणि आरशात निधी दिसली, शांतपणे बोट चोखत.

काच कधी खाली झाली ते तिला कळलं नाही. कमरेपर्यंत ती खिडकीबाहेर होती.

"अबे ए! थांब! दिसून नाही राहिलं का बे तुले! पोट्टी हाय माही गाडीत! थांऽऽब!"

ट्रक हिसका देऊन थांबला. उजवीकडची रांग थांबली. मागचा टेम्पोवाला, काही कारण नसताना, दोन हात मागे सरकला. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं गाळणी वर धरली ती तशीच राहिली. ट्रकच्या खिडकीतून चालकाचं डोकं बाहेर आलं, ते खरोखर घाबरलेलं होतं.

"दीदी, हॉर्न मारना था ना! पीछे लिखा तो है!"

"पढ़ लिया!" शर्मिष्ठा म्हणाली. "आगे लो!"

त्यानं ट्रक पुढं घेतला. मागच्या सीटवरून निधी म्हणाली, "मम्मा, फिर से!"

शाळेत पोचली, निधीला आत सोडलं, बाई म्हणाल्या वा, वेळेच्या आधी. मग ती गाडीत येऊन दहा मिनिटं नुसती बसली. आशयला तिनं एकच निरोप टाकला: "पोचलो. व्हॅन नको." घसा असा बसला होता की फोन करण्यात अर्थ नव्हता.

परतली तेव्हा दत्तोपंत फाटकाशीच उभे होते. दीड तास तिथंच असावेत. चौकीदारानं त्यांना स्वतःचं स्टूल दिलं होतं आणि ते त्यावर बसले नव्हते. एका हातात मेमो, दुसऱ्या तळहातावर फ्यूज, प्रसाद धरावा तसा.

"मी हात करून राहिलो होतो..." ते म्हणाले आणि त्यांनी वाकून मागची सीट पाहिली. "पोट्टी?"

"शाळेत आहे. छान आहे." तिच्या घशातून खरखर आली. मग तिनं ट्रक सांगितला, अक्षरं सांगितली, मुकं बटण सांगितलं. आपण काय ओरडलो तेही सांगितलं, शब्दशः नाही, पण दत्तोपंत वर्ध्याचे होते, त्यांना गाळलेले शब्द भरता येत होते.

त्यांनी फ्यूज मुठीत मिटला. "गलती माही," ते म्हणाले. "सहीसाठी करंट अडवला." आणि मग, हळूहळू, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं आलं. कुठल्याशा अंधाऱ्या खोलीतल्या रांगेत एकच रिले खटकन पडावा आणि त्याचा आवाज त्यांना एकट्यालाच ऐकू यावा, तसं.

"म्हनजे करंट नव्हता."

"नव्हता."

"तरी आवाज आला. आपोआप. कोनी दाबाची गरज नाही पडली."

"बाबा, मला चहा हवा आहे."

"म्हनजे बॅक कॉन्टॅक्ट बराबर लागला होता म्हना," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, मेमोचा कागद चौकीदाराच्या स्टुलावर ठेवला, वाकून सावकाश चार ओळी लिहिल्या आणि सहीसाठी तिच्यापुढं धरला.

हॉर्न: बंद. कारण: मेमो प्रलंबित. पर्यायी व्यवस्था: सूनबाई. तपासली, आवाज समाधानकारक, कुलपाची गरज नाही.

शर्मिष्ठानं उजव्या हातानं सही केली. अंगठा अजून दुखत होता.